पुढचे दार पक्ष्यासाठी राखीव

मागच्या वर्षी अख्खा चैत्र आम्ही स्वतःच्या घरात मागच्या दाराने ये-जा केली.

पुढचं दार मोडलं नव्हतं. किल्लीही हरवली नव्हती. (आमच्या घरात किल्ल्या हरवत नाहीत. प्रत्येक किल्लीला खिळा आहे आणि प्रत्येक खिळ्याखाली चिठ्ठी आहे.) पुढचं दार आम्ही एका पक्षिणीला देऊन टाकलं होतं, इतकंच.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. मुग्धाचं, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न माघात झालं. ती विंझर गावच्या घरी सून म्हणून गेली आणि माझ्या हातातल्या सगळ्या याद्या एकदम संपल्या. रुखवताच्या वाट्यांपासून आहेराच्या पिशव्यांपर्यंत खुणा करत आलेल्या बाईला अचानक रिकामी वही मिळाली तर तिचं काय होतं, हे सांगून कळणार नाही. तेव्हा मी ठरवलं, यंदा वसंत ऋतू बघायचा. मी भोरात शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. मार्चमध्ये हिशेब, एप्रिलमध्ये निकालपत्रकं. वसंत दरवर्षी खिडकीबाहेरून येऊन जायचा. यंदा त्याला गाठायचंच! लांब जायचं नाही, आसपासच, पण पद्धतशीर. पहिला रविवार पळस, दुसरा सावर, तिसरा पांगारा, चौथा राखीव.

"चौथा राखीव कशाला?" प्रकाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने विचारलं.

"राहून गेलेल्या झाडांसाठी."

पळसाने आमचं वेळापत्रक वाचलं नव्हतं. आम्ही वेल्ह्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो फुलून, झडून, पानांच्या तयारीला लागला होता. सावर मात्र सापडली, गुंजवण्याच्या अलीकडे. एकही पान नाही, नुसती लालभडक फुलं. वर साळुंक्या, बुलबुल आणि कोतवालांची जंगी पंगत बसलेली आणि वरच्या फांदीवर एक वानर यजमानासारखं निवांत कळ्या खात होतं. मी बघितलं, वहीत 'सावर' लिहून पुढे खूण केली आणि गाडीत जाऊन बसले. प्रकाश झाडाखालीच. मान मागे, तोंड उघडं. एक फूल थपकन त्याच्या कपाळावर पडलं तरी हलेना.

"चला! बघून झाली ना?"

"अगं, आत्ता तर आलो!"

"मग काय मुक्काम करायचाय?"

"वसंताला टिक मारायची नसते गं!"

त्या सावरीखालीच त्याला पक्ष्यांचा नाद लागला. पुढच्या रविवारी पांगाऱ्याऐवजी आम्ही पुण्याला दुर्बीण आणायला गेलो. नुकताच निवृत्त झालेला नवरा आणि नवी दुर्बीण, ही दोन माणसं घरात एकत्र राहू देऊ नयेत. (दुर्बिणीला मी माणूस म्हणते. तिला जेवणाच्या टेबलावर स्वतंत्र जागा होती.)

तसं आमच्या घरापाशी बघण्यासारखं बरंच आहे, हे मला दुर्बिणीनंतरच कळलं. पुढच्या अंगणात शेवगा. समोर शैलाकाकूंच्या दारात पांगारा. मागे न्हाणी, कपड्यांची तार, वॉशिंग मशीन आणि मागच्या दारावर चढलेली जुईची वेल. शेवगा पांढऱ्या फुलांनी लदबदला होता आणि त्यावर शिंजिरांचं एक जोडपं दिवसभर लटकत असे. अंगठ्याएवढा जीव! नर जांभळा-काळा, उन्हात चमकणारा. मादी मळक्या पिवळ्या रंगाची, म्हणजे कामाची.

एका शनिवारी मी पुढच्या पडवीतली जळमटं काढायला लांब दांड्याचा झाडू उचलला. (शनिवार म्हणजे जळमटं. बुधवार म्हणजे पंखे.) दिव्याच्या वायरला एक झुपका लोंबत होता. मी झाडू वर नेला आणि आतून आरोळी आली, "खबरदार!"

प्रकाश दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभा.

"अरे, कचरा आहे!"

"कचरा नाही, घरटं आहे! शिंजीर कोळ्याची जाळी, वाळकी पानं, असलं सगळं गोळा करून लोंबतं घरटं बांधतो. लांबून अगदी कचऱ्यासारखं दिसतं. पुस्तकात दिलंय!"

"पण हे जवळूनही कचऱ्यासारखं दिसतंय."

"म्हणजे उत्तम बांधलंय!"

तेवढ्यात खरंच ती मादी आली. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे. ती झुपक्याला लोंबकळली, चोच आत घातली, काहीतरी खुडबुड केली आणि भुर्रकन घरामागे उडून गेली. चोचीतून जाळ्याचा एक धागा लोंबत होता.

"बघितलंस? बांधतीये!" प्रकाश कुजबुजला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलीच्या पाठवणीला त्याने मोठ्या धीराने बिदागीची पाकिटं वाटली होती. इथे मात्र रडला.

मीही विरघळले, खोटं कशाला बोलू? मुलगी सासरी गेल्यापासून घर कसं मोठं मोठं वाटत होतं. त्यात कोणी येऊन नवा संसार थाटतंय, तर आपण झाडू घेऊन उभं राहावं का? मी झाडू जागेवर ठेवला आणि कामाला लागले. पुढच्या दाराला आतून कडी. पडवीतला दिवा बंद. घंटेची वायर काढली. दूध, पेपर, भाजी, सगळं मागून. फाटकावर माझ्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'समोरचे दार पक्ष्यासाठी राखीव. कृपया मागून यावे. आवाज करू नये.'

गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन पाटीपुढे बराच वेळ उभा होता.

"ताई, पक्षी भाडं किती देतो?"

शैलाकाकूंनी तर दुसऱ्याच दिवशी तक्रार आणली. "अगं वैशाली, तुझी पाटी वाचून आमचे हे मुकाट मागून आले आणि थेट तुझ्या कपड्यांच्या बादलीत पाय! भिजलेला लेंगा घेऊन घरी आले. म्हणाले, पक्षी मजेत आहे."

मागचं दार म्हणजे आता नुसता हमरस्ता झाला. ते उघडताना किंचाळतं आणि लावताना आदळतं. त्यात वॉशिंग मशीन, मिक्सर, प्रकाशची स्कूटर, कुकरच्या शिट्ट्या. सगळा दंगा मागे, कारण पुढे शांतता हवी!

आठवडाभराने मला शंका आली. "घरटं वाढत का नाही रे?"

"शिंजीर सुबक बांधतो."

"आणि ती हल्ली दिसतही नाही."

"अंड्यांवर बसली असेल. आत."

म्हणजे ती दिसली तर बांधतेय आणि दिसली नाही तर अंड्यांवर बसलीये. या विचारसरणीतून सुटका नव्हती.

"मग मागे न्हाणीपाशी सारखी कोण उडते?"

"तीच. चोवीस तास अंड्यांवर बसून कंटाळा येत नसेल? जरा मोकळ्या हवेत येते."

मला ते पटलं! (मुग्धा तान्ही होती तेव्हा मीही अशीच मागच्या दारी जाऊन उभी राहायचे.)

असं सगळं सुरळीत चाललं असताना मुग्धाचा फोन आला.

"आई, तुझ्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला सासूबाई येतायत. लग्नानंतर पहिल्यांदाच. मीही येतेय बरोबर. नीट कर हं सगळं."

"मी कधी काय नीट केलं नाही?"

"तसं नाही गं. त्या मनाने फार चांगल्या आहेत. पण मानाचं त्यांच्या लक्षात राहतं. एकदा एका नातेवाइकांकडे त्यांना हातपाय धुवायला दिलेला तांब्या रिकामा निघाला. त्या घरी परत गेल्या नाहीत. मला तिथून जाताना अजून ते घर दाखवतात!"

फोन ठेवला आणि मी हिशेब मांडला. विहीणबाई पहिल्यांदा घरी येणार. त्यांना पुढच्या दारात थांबवून पायांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळायचा, कुंकू लावून आत घ्यायचं. आणि आम्ही त्यांना नेणार कुठून? न्हाणीवरून, प्रकाशच्या बनियनांखालून वाकवून! मुग्धाने आयुष्यभर विंझरहून भोरला येताना एकटीनेच यायचं का?

"एक दिवस पुढचं दार उघडू," मी म्हणाले.

"आणि अंडी?"

"आहेत तरी किती?"

"दोन."

"बघितलीस?"

"वाकून बघायची नसतात! बघितली की मादी घरटं टाकून जाते. पुस्तकात दोन दिलीयत, म्हणजे दोन." मग तो हळूच म्हणाला, "तूच ठरव. एकीकडे विहीणबाई, एकीकडे दोन पिल्लं."

असली अडवणूक मी शिक्षण खात्याच्या तपासणीतसुद्धा बघितली नव्हती. पण मी हार मानणारी नव्हे. रात्रभर विचार केला आणि सकाळी जाहीर केलं, "पुढचं दार म्हणजे काय? जिथे तोरण, रांगोळी आणि पायांवर पाणी, ते पुढचं दार. आपण मागचं दार पुढचं करू!"

हळदीकुंकवाच्या दिवशी मी घर फिरवलं. कपड्यांची तार काढली. घराच्या बाजूचा बोळ धुऊन फाटकापासून मागच्या दारापर्यंत रांगोळीच्या पावलांची रांग काढली. दोन्ही बाजूंना कुंड्या. वॉशिंग मशीनवर जरीकाठाची चादर टाकून वर कांचनाच्या फुलांची फुलदाणी ठेवली, तेव्हा ते मशीन स्वतःच स्वतःला ओळखेना. फाटकावरची पाटीही काढली, कारण विहीणबाईंनी 'मागून यावे' वाचायला नको. त्याऐवजी पावणेपाचपासून शैलाकाकूंनी फाटकात उभं राहायचं आणि 'या, या, इकडून!' असं म्हणत बोळातून आणायचं. म्हणजे त्यांना वाटेल, घराचं तोंडच मुळी या बाजूला आहे.

राहिलं तोरण. एक टोक खिळ्याला बांधलं. दुसऱ्या बाजूला खिळा नव्हता, म्हणून जुईची जी डहाळी दारावर झुकली होती, तिलाच बांधलं. डहाळीला वाळक्या पानांचा आणि जाळ्यांचा एक कचरा लोंबत होता. तो पाडायला मी आठवडाभर बघत होते, पण दर वेळी कोणीतरी हाक मारायचं. म्हटलं, शेवटी काढू, म्हणजे रांगोळीवर पडलेलं एकदमच झाडता येईल.

विहीणबाई पाचला येणार होत्या. विंझरहून शेजाऱ्यांची जीप भोरला येत होती, म्हणून साडेचारलाच आल्या.

फाटकात शैलाकाकू नाहीत. पाटी नाही. मुग्धा जीपमधून तांदळाची पिशवी उतरवत मागे राहिलेली. विहीणबाई कोणीही शहाणं माणूस जाईल तशा पुढच्या पडवीत गेल्या. घंटा दाबली. ती मुकी. मग त्यांनी कडी वाजवली.

आत प्रकाश गौरीपुढे आंब्याची डाळ मांडत होता. महिनाभर ज्या दाराजवळून आम्ही चवड्यांवर चाललो त्या दारावर दणादण कडी! तो धावत गेला आणि फटीला तोंड लावून कुजबुजला, "कोण आहे?"

"आमी हाय!" बाहेरून खणखणीत उत्तर.

"हळू! हळू बोला! भाजी नकोय आज."

"अवो, भाजी न्हाई, आमी हाय!"

"कोणीही असा, हे दार उघडणार नाही! मागून या! आणि पाय न वाजवता!"

मग पाय वाजवत, जोडवी वाजवत, विहीणबाई निघाल्या.

त्याच वेळी मी मागच्या दारात स्टुलावर उभी होते. पदर खोचलेला, केसांना चाप, अंगावर जुनी साडी (नवी पाचला नेसायची होती), आणि दोन्ही हातांनी झाडू डोक्यावर उगारलेला. यादीतलं शेवटचं काम: कचरा पाडणे. बोळाच्या कोपऱ्यावर चाहूल लागली म्हणून मान वळवली. इरकली साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, काखेत कैऱ्यांची पिशवी. समोर विहीणबाई आणि त्यांच्या डोक्याच्या रोखाने माझा झाडू!

"फुडच्या दारी गेले तर मागनं या म्हन्ले," त्या थंडपणे म्हणाल्या. "मागं आले तर ह्यो झाडू. येऊ का जाऊ, ताई?"

डोळ्यांपुढे रिकामा तांब्या दिसू लागला. झाडू खाली घ्यावा हेसुद्धा सुचेना. आणि तेवढ्यात माझ्या कानाजवळून चिवचिवाट करत एक पिवळट गोळी सुटली आणि थेट झाडूच्या टोकावर येऊन बसली. शिंजिराची मादी! तोंडात अळी. ती माझ्यावर अशी ओरडत होती की शाळेतला कुठलाही पालक आजवर तसा ओरडला नव्हता. मग तिने झाडू सोडला, माझ्या कचऱ्याला लटकली आणि त्या कचऱ्याला एक दार होतं! दारातून दोन चोची बाहेर आल्या, आ वासून. तोरण आपलं डोलतंय.

"आगं बया!" विहीणबाईंच्या काखेतली पिशवी सुटली आणि कैऱ्या रांगोळीवरून घरंगळत गेल्या.

पुढच्या बाजूने मुग्धाचा आवाज आला, "बाबा! सासूबाईंना कुठे पाठवलंत?"

त्यानंतर जे झालं ते आम्ही फक्त ऐकलं. आधी प्रकाशचं "अरे देवा!" मग महिनाभर न उघडलेलं दार जिवाच्या आकांताने ओढल्याचा आवाज. मग धाडकन! मग काहीतरी मऊ पडल्याचा आवाज. मग प्रकाशचं दुसरं, पहिल्यापेक्षा फार दुःखी, "अरे देवा…"

तो बोळातून आला तेव्हा पडवीतलं घरटं त्याच्या डोक्यावर होतं.

"पिल्लं गेली!" तो रडवेला होऊन म्हणाला. "माझ्या हातून गेली!"

मी स्टुलावरून उतरले आणि त्याच्या डोक्यावरचा झुपका उचलला. आत अंडी नव्हती, पिल्लं नव्हती, आत असं काही नव्हतंच. जाळी बाजूला केली तर चमकीच्या कागदाच्या दोन झिरमिळ्या निघाल्या, एक गुलाबी, एक हिरवी.

"ह्ये काय हाय?" विहीणबाईंनी विचारलं.

"आकाशकंदिलाची शेपटी," मी म्हणाले.

"दिवाळीची?"

"हो."

"चैतापत्तुर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. दर शनिवारी जळमटं काढणाऱ्या माझ्याकडे!

प्रकाश मात्र वर बघत होता. वेल, झुपका, दोन चोची. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजाडलं. "म्हणजे ती तिथे आणत नव्हती… तिथून नेत होती! आपल्या जळमटांवर तिने इकडे घर बांधलं! या दंग्यात! मिक्सरच्या डोक्यावर!" आणि पुढच्याच क्षणी त्याने हात पसरले. "सगळे मागे व्हा! मागचं दार आजपासून बंद!"

मी डोळे मिटून घेतले. तोरण मागे, रांगोळी मागे, पायांवर घालायचं पाणी मागे आणि विहीणबाईंना आता पुन्हा पुढे न्यायचं!

विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मुग्धाचा चेहरा पांढराफटक. मग त्यांचा ओठ थरथरला. मला वाटलं, आता निघाल्या.

"भोरची मानसं मान कसा करत्यात, बगावं म्हन्लं," त्या म्हणाल्या. "फुडचं दार झालं, मागचं झालं. आता काय छपरावनं घेताय का मला?"

आणि त्या हसल्या. अशा हसल्या की कैऱ्या वेचायला वाकलेली मुग्धा तिथेच खाली बसली. शैलाकाकू पावणेपाचला वेळेवर फाटकात आल्या तेव्हा विहीणबाई पायरीवर टेकून डोळे पुसत होत्या आणि त्यांच्यासमोर प्रकाश केसांतली जाळी काढत उभा होता.

शेवटी त्यांना पुढच्याच दाराने घेतलं. प्रकाशने पायांवर पाणी घातलं (तांब्या मी तीनदा तपासला, काठोकाठ होता), मी भाकरतुकडा ओवाळला, जुन्या साडीतच. पण त्या आत कुठे टिकल्या? डाळ खाल्ली आणि पन्ह्याचा पेला घेऊन पुन्हा बोळात. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायका तिथेच जमल्या. आत गौर एकटी बसलेली. बाहेर बोळात माना वर करून पंधरावीस बायका दबक्या आवाजात एकमेकींना "हळू गं, हळू!" म्हणत होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे विहीणबाई, दुर्बीण उलटी धरून.

"लई लांब दिसतंय वो!"

प्रकाशने ती सुलटी करून दिली. त्या दिवसापासून खरं तर त्याचीच विहीणबाईंशी जास्त गट्टी आहे.

पिल्लं उडून जाईपर्यंत आम्ही पुढच्या दाराने वावरलो आणि कपडे पुढच्या पडवीत वाळत घातले. विहीणबाई पुढच्या आठवड्यात आल्या, धाकट्या जावेला घेऊन, पिल्लं दाखवायला. येता येता शेतावरच्या बांधावरून बहाव्याची एक डहाळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या वहीत ह्ये झाड ऱ्हायलं असंल."

राहिलंच होतं.

विंझरला आता आमचं घर प्रसिद्ध आहे. यंदाच्या चैत्रात हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला मी फोन केला, तर विहीणबाई लगेच म्हणाल्या, "येनार की! पर ताई, यंदा कुठलं दार?"

आणि मी, जिच्या घरी प्रत्येक किल्लीला खिळा आहे, फोन हातात धरून म्हणाले, "थांबा हं विहीणबाई, जरा शिडी लावून बघते."